मातीची खतावणी : व्हिक्टर गोल्डश्मिट यांचे चरित्र



या पानावर येणारी चरित्रे बहुधा आपल्या माणसांची असतात. संत, गवई, नाटककार, सीमालढ्यातले कार्यकर्ते. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत त्यांचा मराठीशी काही संबंध नाही. ते स्वित्झर्लंडमध्ये जन्मले, नॉर्वेत वाढले आणि भूरसायनशास्त्राचे जनक म्हणून जगभर ओळखले जातात. तरीही लिहावेसे वाटले, कारण आमची सारी नोकरी बँकेत, म्हणजे जमा आणि नावे जुळवण्यात गेली. या गृहस्थांनी डोंगर, नद्या आणि समुद्र यांचा जमाखर्च मांडला. जिथे दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तिथे पेन्सिलीने खूण करून ते शोधत बसले. त्या शोधातून आज गाळाच्या खडकाचा एक तुकडा पाहून सांगता येते की हा चिखल कोट्यवधी वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्यात साचला की गोड्या, त्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू होता की नव्हता. आणि ज्याने हे मांडले त्याच्या स्वतःच्या आयुष्याचे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे.

व्हिक्टर मॉरिट्झ गोल्डश्मिट यांचा जन्म २७ जानेवारी १८८८ रोजी झुरिकमध्ये झाला. वडील हाइनरिख हे रसायनशास्त्रज्ञ. मुलाचे नाव त्यांनी आपले सहकारी, प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांच्यावरून ठेवले. घर ज्यू, पण कर्मठ नव्हे. वडिलांच्या नोकरीमागे बिऱ्हाड फिरत राहिले. ॲमस्टरडॅम, हायडेलबर्ग, आणि १९०१ मध्ये नॉर्वेची राजधानी क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो. बदलीच्या नोकरीत मुले वाढवलेल्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. तेराव्या वर्षी पुन्हा नवे गाव, नवी शाळा, नवी भाषा. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि त्याच वर्षी गोल्डश्मिट कुटुंबाने नॉर्वेचे नागरिकत्व घेतले. व्हिक्टर त्याच वर्षी विद्यापीठात दाखल झाला.

तिथे त्याला प्रोफेसर ब्रॉगर भेटले. ओस्लोच्या परिसरातील खडकांचा त्यांच्याइतका अभ्यास दुसऱ्या कुणाचा नव्हता. तो परिसरही अभ्यासकाच्या नशिबाने विलक्षण आहे. जुन्या समुद्रात साचलेली चिकणमाती आणि चुनखडी तिथे थरावर थर पसरली होती. पुढे त्या थरांत खालून वितळलेला खडक घुसला आणि आजूबाजूचे थर भट्टीतल्या विटांसारखे भाजून निघाले. गोल्डश्मिट यांनी या भाजलेल्या खडकांवर प्रबंध लिहिला. माती किती आणि चुना किती, या प्रमाणावर कोणती खनिजे एकत्र तयार होतील हे ठरते, असे त्यांनी दाखवले, आणि अशा खडकांचे दहा वर्ग पाडले. रसायनशास्त्रातला एक नियम त्यांनी सरळ डोंगराला लावला होता. हा प्रबंध १९११ साली निघाला तेव्हा त्यांचे वय २३ होते. १९१४ मध्ये, २६ व्या वर्षी, ते प्राध्यापक आणि खनिजशास्त्र संस्थेचे संचालक झाले. पोरगा हुशार होता यापेक्षा वेगळी गोष्ट आम्हाला यात महत्त्वाची वाटते. खडक ज्या परिस्थितीत तयार झाला तिची नोंद तो स्वतःच्या अंगावर ठेवतो, ही कल्पना त्यांच्या मनात इथेच पक्की झाली. अजून ती नोंद उष्णतेची होती. पाण्याची नोंद वाचायला अजून पंधरा-वीस वर्षे होती.

मध्ये पहिले महायुद्ध आले. नॉर्वे तटस्थ होता, पण समुद्रमार्ग अडल्याने बाहेरून येणारा माल थांबला. १९१७ मध्ये सरकारने कच्च्या मालासाठी समिती नेमली व तिची प्रयोगशाळा गोल्डश्मिट यांच्याकडे दिली. खतासाठी पोटॅश कुठून आणायचे? अभ्रकातून मिळेल का? भट्टीच्या विटांसाठी कोणता दगड चालेल? यातला एक शोध त्यांना आयुष्यभर पुरला. ऑलिव्हिन नावाच्या हिरव्या खनिजाचे नॉर्वेत डोंगर आहेत, आणि ते प्रचंड उष्णता सोसते. भट्ट्यांच्या विटांसाठी त्याचा वापर करण्याचे तंत्र त्यांनी बसवले. विद्यापीठातला माणूस कारखान्याच्या कामाला कमी लेखत नसे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिच्यामुळेच त्यांचे प्राण वाचले.

१९२३ ते १९२७ या काळात त्यांनी मूलद्रव्यांच्या वाटणीचे नियम आठ भागांत प्रसिद्ध केले. क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आत डोकावता येऊ लागले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो संयुगे तयार करून मोजली आणि १९२६ मध्ये आयनांच्या आकारांचा तक्ता दिला. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू. त्यांचा निष्कर्ष ऐकायला सोपा आहे. स्फटिकात जागा ठरलेल्या असतात. पाहुण्या आयनाचा आकार आणि भार त्या जागेला साजेसा असेल तर तो तिथे बसतो, नसेल तर बाहेर राहतो. एस.टी.च्या बाकावर दोन माणसांच्या मधे कोण मावेल हे त्याच्या नावावर ठरत नाही, अंगलोटावर ठरते, तसेच. म्हणून पोटॅशियमच्या जागी रुबिडियम लपते, ॲल्युमिनियमच्या जागी गॅलियम, मॅग्नेशियमच्या जागी निकेल. एका टनात काही ग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात असलेली मूलद्रव्ये खडकांत अशीतशी विखुरलेली नाहीत, प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आहे, हे पहिल्यांदा कळले. आयनांच्या आकारांचा हाच विचार आज सौरऊर्जेच्या नव्या पदार्थांवर काम करणारेही वापरतात, पण तो विषय निराळा.

१९२९ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना बोलावले. त्या काळी गणित व भौतिकशास्त्राची ती पंढरीच होती. नवी प्रयोगशाळा मिळाली, आणि तिथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णपटाची पद्धत बसवली. खडकाची चिमूटभर पूड कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठेवायची, विजेच्या ज्योतीत जाळायची, आणि त्या उजेडातल्या रेषा फोटोच्या काचेवर उतरवायच्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या. जुन्या पद्धतीने महिने लागले असते अशी कामे दिवसांत होऊ लागली. दगड, माती, कोळशाची राख, उल्का, जे हाती येईल ते त्यांनी जाळून पाहिले.

आता मुख्य विषयाकडे येऊ.

नदी डोंगर झिजवते हे सर्वांना माहीत आहे. गोल्डश्मिट यांनी पाहिले की झिजलेल्या मालाची वाटेत वर्गवारी होते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे आयन मोठे आणि भार कमी. पाणी त्यांना सहज वाहून नेते. ॲल्युमिनियम आणि गंजलेले लोखंड मधल्या गटातले. ते पाण्याशी संयोग पावून साका होऊन खाली बसतात. बोरॉन, गंधक, फॉस्फरस हे लहान आणि भारी. ते ऑक्सिजनला धरून पुन्हा विरघळतात. म्हणून कुठे वाळू साचते, कुठे चिकणमाती, कुठे लोखंडाचा दगड, कुठे चुनखडी, आणि शेवटी पाणी आटले की मीठ. सुपात धान्य पाखडावे तसे निसर्ग हे पाखडत असतो. आपल्या भागातला जांभा घ्या. काळ्या दगडावर हजारो पावसाळे पडले, सोडियम, कॅल्शियम, वाळूचे सिलिका सगळे धुऊन गेले आणि लोखंड व ॲल्युमिनियम तेवढे जागेवर उरले. गोव्याकडे आणि घाटाकडे ज्या चिऱ्यांची घरे आपण पाहतो ते चिरे, आणि बेळगाव भागातले बॉक्साइट, ही त्या मधल्या गटाचीच शिल्लक आहे. गोल्डश्मिट यांनी आपला जांभा पाहिला नव्हता, पण त्यांचा नियम त्याला तंतोतंत लागू पडतो.

त्यांनी मग ताळेबंद मांडला. त्यासाठी आधी मूळ भांडवल कळायला हवे, म्हणजे पृथ्वीच्या कवचात सरासरीने काय काय आहे. अमेरिकेत क्लार्क आणि वॉशिंग्टन यांनी अग्निजन्य खडकांच्या ५,१५९ पृथक्करणांची सरासरी काढली होती. गोल्डश्मिट यांनी वेगळी युक्ती केली. हिमयुगाच्या शेवटी नॉर्वेतल्या हिमनद्यांनी डोंगर दळून बारीक पीठ केले आणि ते पाण्यात साचले. थंडीमुळे या पिठात रासायनिक फेरफार फार झाले नाहीत, फक्त दळण आणि मिसळण झाली. म्हणजे निसर्गानेच शेकडो मैलांचा सरासरी नमुना काढून ठेवला होता. दक्षिण नॉर्वेतील अशा मातीच्या ७७ नमुन्यांची सरासरी अमेरिकेतल्या त्या ५,१५९ पृथक्करणांशी जवळजवळ जुळली. आम्हाला हा भाग फार आवडतो. प्रत्येक व्हाउचर तपासण्याऐवजी कुठला नमुना घ्यावा हे ज्याला कळते तो खरा तपासनीस.

पुढचा हिशेब सोडियमचा. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ११ ग्रॅम सोडियम असते. एक किलो अग्निजन्य खडकात सुमारे २८ ग्रॅम. झिजेनंतर काही सोडियम गाळातही राहते. हे सगळे धरून त्यांनी काढले की समुद्राच्या प्रत्येक किलो पाण्यामागे साधारण ६०० ग्रॅम खडक झिजला असला पाहिजे. पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे हा आकडा सुमारे १६० किलो येतो. सगळ्या पृथ्वीभोवती पसरला तर जवळपास ६०० मीटर जाडीचा थर.

एवढा माल जमा झाला असेल तर आता प्रत्येक मूलद्रव्याचे खाते उघडून पाहता येते. आले किती, समुद्रात शिल्लक किती, गाळात गेले किती. इथे गंमत सुरू झाली. क्लोरिन समुद्रात इतके आहे की खडकांच्या झिजेतून त्याच्या शंभरावा हिस्साही मिळाला नसता. बोरॉनचेही तसेच. म्हणजे ही जमा दुसऱ्या खात्यातून आली आहे. पृथ्वीच्या पोटातून, ज्वालामुखींच्या वाफांतून. याउलट आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये झिजेतून जेवढी आली त्यांच्या सुमारे हजारावा भागच पाण्यात उरला आहे. ती गेली कुठे? गोल्डश्मिट यांनी गाळातले लोखंडी दगड तपासले आणि आर्सेनिक तिथे सापडले. गंजलेल्या लोखंडाचा साका तळाशी बसताना विष बरोबर घेऊन बसतो. समुद्रातले हे विष युगानुयुगे असे काढून टाकले गेले म्हणून त्यात जीव राहू शकले. आज हा हिशेब पुष्कळ सुधारला आहे. गाळाचे खडक पुन्हा झिजतात, समुद्रतळ पृथ्वीच्या पोटात जातो, म्हणजे खाते एकदाचे बंद करून शिल्लक काढता येत नाही. पण मांडणी त्यांचीच राहिली.

बोरॉनच्या खात्याकडे जरा सावकाश पाहू, कारण जुने पाणी ओळखण्याची किल्ली तिथे मिळाली. बोरॉन आपल्या घरात असते. कॅरमच्या बोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर, सोनार वापरतात तो टाकणखार, ही त्याचीच संयुगे. १९३२ मध्ये गोल्डश्मिट आणि त्यांचे सहकारी पेटर्स यांनी शेकडो खडकांत बोरॉन मोजले. अग्निजन्य खडकांत एका टनात जेमतेम काही ग्रॅम. पण समुद्रात साचलेल्या चिकणमातीत टनाला शंभर ग्रॅमच्या घरात आणि त्याहूनही जास्त. मूळ भांडवल इतके कमी आणि मातीत इतके जास्त, तर ते मातीने समुद्राच्या पाण्यातून उचलले असले पाहिजे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात चार-पाच मिलिग्रॅम बोरॉन असते, नदीच्या गोड्या पाण्यात त्याच्या मानाने अगदी किरकोळ. चिकणमातीचे कण ते अंगाला लावून घेतात आणि मग कणाच्या घडणीत ते कायमचे बसते. पुढे माती दगड झाली, डोंगर झाली, तरी ते सहसा सुटत नाही.

म्हणजे उलट वाचता येते. ज्या दगडात शंख-शिंपला, मासळीचे हाड काहीच सापडत नाही, अशा काळ्या-करड्या दगडातले बोरॉन मोजले तर तो कुठल्या पाण्यात साचला याचा अंदाज बांधता येतो. स्वीडनमध्ये लांडरग्रेन यांनी हा धागा पुढे नेला. जर्मनीतील रूर भागात कोळशाच्या थरांमध्ये जे शेल आहेत, त्यांतले कोणते समुद्र आत घुसला तेव्हाचे आणि कोणते गोड्या पाण्याच्या दलदलीचे, हे ओळखायला या पद्धतीचा उपयोग झाला. कोळशाच्या खाणीत हा प्रश्न पुस्तकी नसतो. ओळखीचा थर सापडला की आपण खाणीत नेमके कुठे आहोत हे कळते.

यात फसगतीच्या जागाही आहेत. सगळ्या जातींची चिकणमाती सारखे बोरॉन घेत नाही. जुना सागरी दगड झिजून त्याची माती तळ्यात आली तर ती आपले जुने बोरॉन घेऊनच येते, आणि तळे समुद्र असल्याचा भास होतो. जसे दुसऱ्या शाखेतून बदलून आलेल्या खात्यावर जुनी शिल्लक दिसते. म्हणून आजचे भूवैज्ञानिक एका साक्षीदारावर निकाल देत नाहीत. स्ट्रॉन्शियम आणि बेरियम यांचे प्रमाण पाहतात. तळाशी प्राणवायू होता का हे विचारायचे तर मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, युरेनियम पाहतात. प्राणवायू असलेल्या पाण्यात मॉलिब्डेनम विरघळलेले राहते. पाणी कोंदट होऊन कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू साठला की ते चिखलात उतरते. गोल्डश्मिट ज्या ओस्लोत वाढले त्या परिसरात सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे काळेकुट्ट शेल आहे. त्यात ही तिन्ही मूलद्रव्ये भरपूर आहेत. एका कोंदट तळाच्या समुद्राची ती नोंद आहे.

कोळशाचेही त्यांनी असेच वाचन केले. काही कोळशांच्या राखेत जर्मेनियम हे दुर्मिळ मूलद्रव्य आश्चर्य वाटावे इतके सापडले. हे आले कुठून? ते ओक आणि बीचच्या जुन्या जंगलांकडे वळले. मुळे खोलवरून पाण्याबरोबर मूलद्रव्ये ओढतात, ती पानांत जातात, पान गळते, कुजते. विरघळणारे धुऊन जाते, न विरघळणारे वरच्या मातीत साठत जाते. शेकडो वर्षे हेच चालले की जंगलाची जमीन काही मूलद्रव्यांनी समृद्ध होते. कोळसा म्हणजे अशाच जुन्या जंगलाचा पाचोळा, आणि त्याच्या राखेत त्या जमिनीची नोंद उरते.

हे काम भरात असताना १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आले. ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात झाली. गोल्डश्मिट काही काळ राहिले. धर्माकडे त्यांचा कधी ओढा नव्हता, पण या दिवसांत त्यांनी ग्योटिंगेनच्या ज्यू समाजात आपले नाव रीतसर नोंदवले. ज्या काळात लोक अशी नावे खोडून घ्यायला धडपडत होते त्या काळात हे केले. १९३५ च्या उन्हाळ्यात गावात ज्यूंविरोधी फलक लागले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि म्हाताऱ्या वडिलांना घेऊन ओस्लोला परतले. प्रयोगशाळा, उपकरणे, जमवलेले नमुने मागे राहिले. दोन वर्षांनी वडील गेले. गोल्डश्मिट यांनी लग्न केले नव्हते; वडील हेच त्यांचे घर होते.

ओस्लोत जुनी खुर्ची त्यांना परत मिळाली. १९३८ मध्ये त्यांनी वाटणीच्या नियमांचा नववा भाग काढला. उल्का, सूर्य, तारे आणि पृथ्वी यांच्यावरून विश्वात कोणते मूलद्रव्य किती, याचा तो तक्ता होता. अणूच्या गाभ्याचा अभ्यास करणाऱ्यांना पुढे तो फार उपयोगी पडला. मारिया मायर यांना ज्या कामासाठी नोबेल मिळाले त्यातही या आकड्यांचा आधार होता. गोल्डश्मिट यांचे नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवले गेले, मिळाले मात्र नाही.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. ज्या सत्तेपासून पळून ते आले होते ती मागे मागे घरापर्यंत आली. त्या दिवसांत ते खिशात सायनाइडची कुपी बाळगत. एका सहकारी प्राध्यापकाने आपल्यालाही एक द्या म्हटले, तेव्हा हे विष रसायनवाल्यांपुरते आहे, तुम्ही यंत्रशास्त्राचे, तुम्हाला दोरी वापरावी लागेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, अशी आठवण सांगतात. विनोद आहे, पण कुपी खरी होती.

२६ ऑक्टोबर १९४२ रोजी नॉर्वेतील ज्यू पुरुषांची सरसकट धरपकड झाली. गोल्डश्मिट यांना बर्ग येथील छावणीत नेले. प्रकृती इतकी ढासळली की इस्पितळात हलवावे लागले आणि मग सोडण्यात आले. २५ नोव्हेंबरला पुन्हा अटक झाली. दुसऱ्या दिवशी ओस्लोच्या धक्क्यावर डोनाऊ नावाचे जहाज उभे होते. पाचशेहून अधिक माणसे त्यात चढवली जात होती. बायका, मुले, म्हातारे. गोल्डश्मिट रांगेत होते. सहकाऱ्यांनी पोलिसांच्या वरिष्ठांकडे धाव घेऊन पटवले होते की हा माणूस देशाच्या उद्योगाला आवश्यक आहे. ऐन वेळी त्यांना रांगेतून बाहेर काढले गेले. जहाज गेले. त्यातली माणसे आउशवित्झला पोहोचवली गेली, आणि परत आली ती बोटांवर मोजण्याइतकी.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. ऑलिव्हिनच्या विटा आणि अभ्रकातले पोटॅश यांनी एक जीव वाचवला. त्या रांगेत शिंपी असतील, दुकानदार असतील, शाळेतली पोरे तर होतीच. त्यांच्यासाठी उपयुक्ततेचा दाखला आणायला कुणी गेले नाही, आणि आणला असता तरी कुणी वाचला नसता. माणसाचे मोल असे उपयोगावर ठरवणारा तो हिशेब कुठल्याही ताळेबंदात बसणारा नाही.

डिसेंबरमध्ये प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी त्यांना गवताच्या गाडीत लपवून सीमेपार स्वीडनला पोहोचवले. मार्च १९४३ मध्ये ते विमानाने ब्रिटनला गेले. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळच्या मॅकॉली मृदासंशोधन संस्थेत आणि नंतर इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे त्यांनी काम केले. दोन्ही संस्था शेतीच्या मातीच्या. खडकापासून सुरू झालेला माणूस शेवटी शेतातल्या मातीपाशी आला, याचे त्यांना काही वावगे वाटले नाही. वनस्पतीला लागणारी अल्पांश द्रव्ये हा त्यांच्या आवडीचाच विषय होता. रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य केले, लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीने १९४४ मध्ये वोलॅस्टन पदक दिले. पण छावणीने शरीर खिळखिळे केले होते. आजारपणाच्या मधल्या वेळात ते एका मोठ्या ग्रंथाची पाने लिहीत राहिले.

१९४६ मध्ये ते ओस्लोला परतले. २० मार्च १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. वय ५९. त्यांच्या अस्थी ज्या कलशात ठेवल्या तो हिरव्या ऑलिव्हिनच्या दगडाचा होता.

ग्रंथ अपुरा होता. ॲलेक्स म्युर यांनी हस्तलिखित जुळवून, जागोजाग भर घालून तो १९५४ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. एकेका मूलद्रव्याचे खाते उघडून त्याची खडक, गाळ, समुद्र, वनस्पती अशी वाट दाखवण्याची मांडणी त्यात आहे. भूरसायनशास्त्रातला मोठा सन्मान म्हणून गोल्डश्मिट यांच्या नावाचे पदक १९७२ पासून दिले जाते. अलीकडे दक्षिण आफ्रिकेतल्या एका हिऱ्याच्या आत एक नवे खनिज सापडले, त्यालाही गोल्डश्मिटाइट हेच नाव देण्यात आले आहे.